मनोरुग्ण आईबाप आणि त्यांचा आधार

मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना रुग्णाचे वय, पत्ता, व्यवसाय, विवाहित की अविवाहित, झोप कशी लागते, घराण्यात पूर्वी कोणाला असा आजार होता काय, हे सर्व विचारले जाते व लिहूनही घेतले जाते. आपल्याला मुले किती, ती या घटकेला कोणापाशी आहेत, आपल्याला बरे नसते त्या दिवसांत त्यांच्या जेवणाखाण्याचे व शाळेचे कोण पाहते, हे प्रश्न विचारले जातीलच असे नाही. आणि विचारले गेले तरी त्या उत्तरावर पुढे काही कार्यवाही व्हावी अशी व्यवस्था नसते. आजार रुग्णाचा, औषध रुग्णाला, प्रगतीची नोंद रुग्णाची. रुग्ण ही कोणाची तरी आई किंवा कोणाचा तरी बाप आहे ही गोष्ट उपचाराच्या दृष्टीने जणू गौण ठरते. प्रत्यक्षात त्या घरापुढचा सर्वांत मोठा प्रश्न पुष्कळदा तोच असतो.

बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. महाराष्ट्राचा त्या बारांत समावेश नव्हता. पण एकूण चित्राचा अंदाज येण्यास ती पुरेशी आहे. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होते आणि निरनिराळ्या विकारांचा विचार करता त्यांतील ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते, असे तीत आढळले. ज्या देशात लग्न बहुतेक सर्वांचे होते आणि लग्नानंतर दोन वर्षांत पाळणा हलला नाही तर शेजारीपाजारी चौकशी करू लागतात, त्या देशात या प्रौढांपैकी फार मोठा भाग आईबापांचा असणार हे सांगण्यास वेगळी पाहणी नको. किंबहुना आपल्याकडे लग्न आणि मूल हेच या आजारावरचे औषध समजले जाते. 'दोनाचे चार हात झाले की ठिकाणावर येईल' आणि 'एक मूल झाले की त्यात जीव गुंतेल' हे दोन सल्ले ज्या घराने ऐकलेले नाहीत असे मनोरुग्णाचे घर विरळाच. म्हणजे समाज प्रथम आग्रह करून त्यांना आईबाप करतो आणि पुढे ती जबाबदारी त्यांना झेपत नाही असे दिसले की त्यांना अपात्र ठरवून मोकळा होतो.

या अपात्रतेविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. एक मत असे की, ज्या बाईचे स्वतःचे मन ठिकाणावर नाही तिच्या हाती मूल कसे द्यायचे? दुसरे मत असे की, आई ती आईच. कितीही आजारी असली तरी पोटच्या गोळ्याला ती जपणारच. पहिले मत निष्ठुर आणि दुसरे भाबडे आहे. मात्र दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे. मूल वाढवण्याची क्षमता ही माणसाच्या अंगी एक तर असते किंवा नसते, अशी ती समजूत होय. वस्तुस्थिती अशी आहे की, ही क्षमता माणसाच्या प्रकृतीइतकीच त्याच्या भोवतीच्या माणसांवर अवलंबून असते. निरोगी माणसांच्या बाबतीतही हे खरेच आहे. केवळ ते आपल्या लक्षात येत नाही. कचेरीत नोकरी करणारी एखादी बाई सासू, पाळणाघर, शेजारीण आणि मुलांना शाळेत पोहोचवणारे रिक्षावाले काका यांच्या जोरावर दोन मुले वाढवते, तेव्हा तिला कोणी अक्षम म्हणत नाही. उलट तिच्या टापटिपीचे कौतुक होते. मनोविकाराने त्रस्त असलेल्या बाईने नेमकी तेवढीच मदत मागितली की तीच मदत तिच्या नालायकीचा पुरावा ठरते.

मदत म्हणजे तरी काय, हे नीट पाहिले पाहिजे. मनोविकारांवरील पुष्कळ औषधे रात्री घ्यायची असतात व त्यांची गुंगी सकाळी लवकर उतरत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरात सकाळी सात ते नऊ हीच तर धावपळीची वेळ! डबा करायचा, वेणी घालायची, गणवेश शोधायचा, मुलाला वेळेवर बाहेर काढायचे. ज्या बाईला या दोन तासांसाठी घरात दुसरे माणूस आहे ती गोळी नियमाने घेते आणि दहा वाजल्यापासून दिवसभर आपल्या मुलांची आई असते. जिच्यापाशी असे माणूस नाही तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर गोळी घ्यायची आणि मुलाची शाळा बुडवायची, किंवा मुलासाठी गोळी सोडायची. पुष्कळ बायका दुसरा मार्ग धरतात. काही आठवड्यांनी आजार उलटतो आणि मग 'औषधे वेळेवर घेत नाही' असा शेरा तिच्या कागदावर पडतो. हा शेरा खोटा नसतो. पण सकाळच्या त्या दोन तासांचा उल्लेख त्यात कोठेही नसतो. अंगावर पाजणाऱ्या आईचेही तसेच. 'गोळ्या चालू आहेत ना, मग पाजू नकोस' असे घरातले कोणीतरी सरसकट सांगून टाकते. काही औषधांच्या बाबतीत सावधगिरी जरूर आहे. पण पुष्कळ औषधे चालू असताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजता येते. हे तिला व तिच्या सासूला समजावून सांगणारे कोणी नसेल तर ती बाई बाळ निवडते आणि गोळ्या सोडते.

आधाराचा आणि मनोविकाराचा संबंध हा केवळ तर्काने मांडलेला नाही. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांची पाहणी करून १९७८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयात मैलाचा दगड मानला जातो. आयुष्यात मोठे संकट आले असता कोणत्या स्त्रिया नैराश्याच्या आहारी जातात हे पाहताना त्यांना चार गोष्टी विशेष आढळल्या. घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे, घराबाहेरचे काम नसणे, वयाच्या अकराव्या वर्षापूर्वी आईला मुकलेले असणे आणि जिच्यापाशी मन मोकळे करावे अशी जवळची व्यक्ती नसणे, या त्या चार गोष्टी. यांपैकी तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. आईला मुकणे यात केवळ तिचा मृत्यू अभिप्रेत नव्हता. दीर्घकाळ झालेली ताटातूटही त्यात धरली होती. आज आपण एखाद्या आठ वर्षांच्या मुलीला 'तिच्याच भल्यासाठी' आजारी आईपासून तोडतो, तेव्हा पुढे कधीतरी त्या मुलीवरही हेच संकट येण्याचा संभव आपण वाढवत असतो.

मायकेल रटर या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९६६ साली आजारी आईबापांच्या मुलांविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढे सहकाऱ्यांसह जे काम केले, त्यातूनही असाच एक निष्कर्ष निघाला. आईबापांच्या आजाराला वैद्यकशास्त्र काय नाव देते यावर मुलाचे भवितव्य तितकेसे ठरत नाही. घरात सतत भांडणे आणि वैरभाव आहे का, आजाराच्या लक्षणांत मुलालाच ओढले जाते का, यावर ते अधिक ठरते. छिन्नमनस्कतेने ग्रस्त असलेल्या पण शांत घरातील आईचे मूल एक वेळ चांगले वाढेल. सौम्य नैराश्य असलेल्या पण रोज उठून कलह असलेल्या घरातले मूल कोमेजेल. म्हणजे आजार कमी करणे डॉक्टरच्या हाती असले तरी कलह कमी करणे हे घराच्या, शेजाऱ्यांच्या आणि काही अंशी शासनाच्या हाती आहे.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे लंडनच्या एकाकी बायकांना ठीक आहे; आपल्याकडे कुटुंब आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकण्याचे कारण नाही. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि त्यांना उपचारात सहभागी करून घेतले. पाश्चात्त्य देशांत रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याची रीत रूढ असताना हे घडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमनस्कतेविषयी जो आंतरराष्ट्रीय अभ्यास केला त्यात आग्रा येथील रुग्णांची काही वर्षांनंतरची स्थिती युरोपातील रुग्णांपेक्षा चांगली आढळली. ऐंशीच्या दशकात चंदिगढ येथे झालेल्या पाहणीत असे दिसले की, आपल्याकडचे नातेवाईक रुग्णाविषयी लंडनच्या नातेवाइकांपेक्षा कमी टीकेने आणि कमी तुसडेपणाने बोलतात, आणि जेथे असे बोलणे कमी तेथे आजार उलटण्याचे प्रमाणही कमी. कुटुंब हे आपले बळ आहे यात शंका नाही. पण या सर्व अभ्यासांत रुग्ण बरा झाला की नाही हे मोजले गेले. बरी झालेली बाई घरी परतल्यावर आई म्हणून परतली की घरातली एक सांभाळून घ्यायची व्यक्ती म्हणून परतली, हे कोणी मोजले नाही.

शिवाय आपल्या कुटुंबाचा आधार बाईला कोणत्या नात्याने मिळतो हेही पाहावे लागते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली चाल फार शहाणपणाची आहे. सव्वा महिना आई, मावशी, आजी भोवती असतात. बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई येते. बाळंतिणीला शेक आणि डिंकाचे लाडू मिळतात. रात्री बाळ रडले तर घेणारे हात चार असतात. पण ही सोय मुदतीची असते. नैराश्य मात्र बाळंतपणानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही डोके वर काढते. तोवर बाई सासरी परतलेली असते आणि तेथे ती लेक नसून सून असते. दुसऱ्या खेपेला माहेरची ही सोय तितकी हक्काची राहत नाही. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात तर सासूही गावी असते आणि नवरा दहा तास बाहेर. घरात माणसे पुष्कळ असूनही मन मोकळे करायला कोणी नाही, अशीही घरे असतात. तेथे शिरगणतीत कुटुंब भरलेले दिसते, बाई मात्र एकटी असते. गोव्यातील एका रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांचा जो अभ्यास विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला, त्यात २३ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतर नैराश्य आलेले आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगी झालेली असणे, या गोष्टींशी ते निगडित होते. तिसरे कारण वाचून वाचकांनी क्षणभर थांबावे. जन्माला आलेल्या बाळाचे लिंग पाहून बाळंतिणीचा आधार वाढतो किंवा आटतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

आणि आधाराच्या नावाखाली पुष्कळदा जे दिले जाते तो आधार नसून ताबा असतो. सुरुवात सद्हेतूनेच होते. सून आजारी पडते, सासू नातवाला जवळ घेते. सून बरी होऊन येते, पण नातू आता आजीजवळच झोपतो. आईने रागावले तर आजी म्हणते, 'तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, तिला बरे नाही.' शाळेच्या पालकसभेला काकू जाते. मुलाला आईच्या हातचा घास खाऊ देत नाहीत. कारण न जाणो! वर्षभरात मुलाला एवढे कळून चुकते की, या घरात आई नावाची जी बाई आहे तिचे ऐकायचे नसते. त्या बाईने यावर संताप केला की तो आजाराचा भाग समजला जातो आणि संताप केला नाही की तिला मुलाची माया नाही असे म्हटले जाते. मनोविकारावर औषध आहे. या कोंडीवर औषध नाही. आणि सर्व खर्च, सर्व कष्ट सासरच्यांनीच केलेले असल्याने त्यांना दोषही देता येत नाही. खरी मदत आणि ताबा यांतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे: मदतीमुळे आईच्या हातून मुलाचे अधिक काही घडते आहे की कमी?

जेथे घरात दुसरे मोठे माणूस नसते तेथे ही जागा मूलच भरून काढते, आणि बहुधा थोरली मुलगी. अकरा-बारा वर्षांची पोर आईच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते, धाकट्या भावाचा डबा भरते, बापाला चहा करते आणि आज आईचा चेहरा कसा आहे हे पाहून मग शाळेत जायचे की नाही ते ठरवते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा असतात आणि शेरा असतो, 'घरकाम'. अशा मुली वर्गात फार समजूतदार दिसतात. शिक्षकांना त्या आवडतात. त्या समजूतदारपणाची चौकशी मात्र सहसा होत नाही. ती झाली तर शिक्षकाला करता येण्याजोगे पुष्कळ असते. निदान वह्या अपुऱ्या राहिल्या म्हणून तिला चारचौघांत उभे न करणे एवढे तरी नक्कीच.

बापाच्या आजाराविषयी थोडेच लिहितो, कारण त्याविषयी बोललेही थोडेच जाते. पुरुषाच्या मनोविकाराला घर निराळी नावे देते. तो तापट असतो, आळशी असतो, नाही तर त्याला दारूची सवय असते. नाव बदलले की उपचार बदलतात, म्हणजे होतच नाहीत. बायको ही गोष्ट शेजाऱ्यांपासून, शाळेपासून आणि नवऱ्याच्या कचेरीपासून लपवत राहते. कारण कळले तर पगार जाईल आणि पुढे मुलीचे लग्न अडेल. या लपवण्यामुळे आधाराचे सर्व दरवाजे ती स्वतःच आतून लावून घेते. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ साली 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला व खचलेल्या शेतकऱ्याला ओळखण्याचे काम गावपातळीवर नेले, हे चांगले झाले. पण आपण तेथेही शेतकऱ्याकडे कर्जदार म्हणून पाहिले. तो बापही आहे, आणि घरात बसलेल्या गप्प बापाकडे मुले रोज पाहत आहेत, याची दखल घेण्यास अजून वाव आहे.

मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न यात दडपला जातो, असा आक्षेप कोणी घेईल. तो दडपून चालणार नाही. दर हजार बाळंतपणांमागे एक-दोन स्त्रियांना पहिल्या पंधरवड्यातच तीव्र स्वरूपाचा मनोविकार जडतो. त्या अवस्थेत भास होतात, बाळ आपले नाहीच किंवा त्याच्यात काही दुष्ट शक्ती आहे असे वाटू लागते, आणि अशा वेळी बाळाला धोका संभवतो. तेथे तत्काळ इस्पितळ गाठणे आणि काही काळ बाळाला एकटे तिच्या हाती न देणे, यात क्रौर्य नाही. देवऋषाकडे नेऊन घालवलेले चार दिवस मात्र क्रूर ठरतात. परंतु हा धोका वेळीच ओळखणार कोण? जी बाई रोज भेटते, जिला ही आई बिचकत नाही, तीच. ज्या आईला भीती असते की आपल्या मनात काय येते हे सांगितले तर मूल काढून घेतील, ती काही सांगतच नाही. म्हणजे आईला आधार आणि मुलाला संरक्षण या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पहिली नसेल तर दुसरी पोलिसी स्वरूपाची होते आणि फार उशिरा पोहोचते.

असा आधार मुद्दाम उभा करता येतो काय? याचे एक उत्तर आपल्या शेजारी देशातून आले आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण देऊन नैराश्याने ग्रस्त गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवले. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे होईतो, ज्या स्त्रियांना ही खास भेट मिळाली त्यांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे सेविका केवळ नेहमीच्या भेटी देत गेल्या त्यांपैकी ५३ टक्के. बाळांची वजने व उंची यांत फरक पडला नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु त्यांना जुलाब कमी झाले आणि लसी अधिक मिळाल्या. या प्रयोगातील खरी गोम निराळीच होती. सेविका 'तुमची सून मनाने आजारी आहे' असे सांगत घरात शिरत नसे. ती बाळाच्या निमित्ताने येई. बाळ चांगले वाढावे यासाठी आईने काय करावे, आणि आईला ते करता यावे म्हणून सासूने व नवऱ्याने काय करावे, असा तिच्या बोलण्याचा ओघ असे. त्यामुळे दार उघडे आणि बाईला कलंक लागत नसे. आईला बाळापासून दूर करून नव्हे, तर बाळाच्या द्वारे तिच्यापर्यंत पोहोचून हे साधले.

पुढे हीच पद्धत गोव्यात आरोग्यसेविकांऐवजी गावातल्याच साध्या बायकांकडून, 'सखीं'कडून, राबवून पाहण्यात आली व २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथील यश रावळपिंडीइतके ठळक नव्हते. पण या वाटेने जाता येते एवढे त्यातून दिसले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत 'आत्मीयता' हा उपक्रम चालवला, तोही गावातल्याच माणसांनी दुःखी माणसाचे ऐकून घ्यावे व त्याला योजनांपर्यंत पोहोचवावे अशाच धर्तीचा. या सर्वांत एक धोका आहे. अशी कामे अखेर आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर येऊन पडतात. लस, वजन, पोषण, सर्वेक्षण, आयुष्मान कार्ड, आणि आता बायकांची मनेही त्यांनीच सांभाळायची! मानधनासाठी २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर गेलेल्या आशांना हे काम फुकटात सांगणे म्हणजे एका एकाकी बाईचे ओझे दुसऱ्या दमलेल्या बाईच्या खांद्यावर देणे होय. आधार ही काही हवेतून येणारी वस्तू नाही. त्याला माणसाचा वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एका योजनेचा उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत गंभीर आजारामुळे किंवा पालक रुग्णालयात असल्यामुळे विस्कटलेल्या कुटुंबांतील मुलांचाही समावेश होतो. तिचे मासिक साहाय्य २०२३ च्या अर्थसंकल्पात १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आले. कर्करोग झालेल्या बापाचे मूल या योजनेपर्यंत कधीतरी पोहोचते. मनोविकार झालेल्या आईचे मूल सहसा पोहोचत नाही. याचे एक कारण असे की, त्यासाठी 'माझ्या घरात असा आजार आहे' हे कागदावर लिहून कचेरीत द्यावे लागते. टेबलापलीकडचा कारकून तो कागद मोठ्याने वाचतो की न बोलता ठेवून घेतो, यावर कित्येकदा तो अर्ज दिला जाईल की नाही हे ठरते. दुसरे कारण असे की, तो कागद घेऊन चार खेपा घालणारे माणूस त्या घरात नसते. योजना आहे, पण योजनेपर्यंत नेणारा हात नाही.

न्यायालयांच्या बाबतीत स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे कारण आहे. परंतु १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, छिन्नमनस्कता असे नुसते नाव चिकटवल्याने भागत नाही. आजाराची तीव्रता किती व त्यामुळे एकत्र राहणे अशक्य होते काय, हे सिद्ध झाले पाहिजे. मुलाच्या ताब्याच्या दाव्यात मुलाचे हित हाच निकष असतो आणि तो योग्यच आहे. प्रश्न असा की, हित पाहताना न्यायालयापुढे काय ठेवले जाते? एका बाजूला आईचा केसपेपर आणि दुसऱ्या बाजूला भरलेले सासर, अशी तुलना झाली तर निकाल आधीच लागलेला असतो. तीच आई माहेरच्या आधारासह, औषधांच्या नियमित नोंदींसह आणि सकाळच्या वेळी येणाऱ्या बहिणीसह उभी राहिली तर चित्र वेगळे दिसते. तिची बाजू मांडणाऱ्या वकिलाने हा आधार पुराव्यानिशी मांडला पाहिजे. एकटी बाई कशी आहे एवढेच दाखवून भागणार नाही.

मुलांविषयी विचारणे हे कायद्याने बंधनकारक करता येते, हे नॉर्वेने दाखवले आहे. तेथे २०१० पासून, आजारी आईबापांना अल्पवयीन मुले आहेत काय आणि त्यांना माहिती व मदत मिळते काय, हे पाहणे आरोग्य कर्मचाऱ्यांचे कर्तव्य ठरले. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात आगाऊ निर्देशाची तरतूद आहे. आपण पुढे आजारी पडलो तर उपचार कसे व्हावेत हे माणसाला बरे असतानाच लिहून ठेवता येते. आपण आजारी पडलो तर मुले आठ-पंधरा दिवस कोणाकडे राहतील, कोणाकडे मुळीच पाठवू नयेत, शाळेत कोणाला कळवावे, हेही त्याच बैठकीत वेगळ्या कागदावर लिहून घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. डॉक्टर किंवा समाजसेविका यांनी फक्त ते सुचवायला हवे.

याच अधिनियमात आईविषयी एक फार चांगले कलम आहे, एकविसावे. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून तोडू नये. धोका असेल तर तात्पुरते दूर ठेवावे, पण देखरेखीखाली तिला मुलाला भेटू द्यावे. त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा. सलग तीस दिवसांहून अधिक काळ दूर ठेवायचे तर प्राधिकरणाची मान्यता घ्यावी, असे ते सांगते. लंडनच्या कॅसल रुग्णालयात १९४८ साली आईबरोबर तिच्या मुलाला दाखल करून घेण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे 'निम्हान्स'ने २००९ साली आई व बाळ यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडला. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ज्या काळात उभी राहिली त्या काळी बाळाचा पाळणा कोठे ठेवायचा हा विचार इमारत बांधणाऱ्याच्या मनात येण्याचा संभव नव्हता. तेव्हा या कलमाचा लाभ व्हायचा तर प्रत्येक ठिकाणी निदान दोन-चार खाटांचा असा कक्ष हवा. तोवर, दूर ठेवलेल्या बाळाला आईच्या भेटीला आणण्याचा प्रश्न राहतोच. रुग्णालय जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी, बाळ शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या गावात आजीजवळ, बाप रोजंदारीवर. पंधरा दिवसांनी फेरविचार करणाऱ्या डॉक्टरांसमोर आई आणि मूल एकत्र दिसायचे तर कोणीतरी त्या मुलाला कडेवर घेऊन एस.टी.ने यायला हवे, त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडणार, आणि जाण्यायेण्याचे भाडे त्याच्या हाती पडायला हवे. राज्याच्या आरोग्य खात्याला हा खर्च फार मोठा नाही. तो कोणत्या सदरात घालायचा एवढेच ठरवायचे आहे.